थेंबाची कैफियत

रात्री अकराच्या पुढे रस्त्यावरची रहदारी ओसरली, शेजारच्या घरातील दूरदर्शनचा आवाज मिटला आणि अंथरुणाला पाठ टेकली की न्हाणीघरातून जो एक सावकाश, नियमित आणि कमालीचा निर्विकार असा टप् टप् आवाज ऐकू येऊ लागतो, त्याच्याशी परिचय नसलेले घर शहरात क्वचितच सापडेल. दिवसा तो आवाज होत नसतो असे नाही; त्याची दाद घेण्यास दिवसा कोणाला फुरसत नसते, इतकेच. रात्री मात्र गृहस्थ उठतो, दिवा लावतो, शॉवरची चावी मनगटाला रग लागेपर्यंत पिळतो, चार-दोन मिनिटे सामसूम होते, आणि तो परत येऊन पांघरूण ओढतो न ओढतो तोच मजकूर थेंब पुन्हा रुजू होतो.

प्रस्तुत लेखकाने हा विधी दोन महिने निष्ठेने केला आणि त्यानंतर त्याहून मोठी चूक केली. पाणी शॉवरमधून गळते त्या अर्थी शॉवरच बिघडला असला पाहिजे, अशा सरळ अनुमानाने त्याने पेठेतून नवा चकचकीत शॉवर आणला, जुना उतरवला, आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळली आणि आपल्या हस्तकौशल्यावर खूष होऊन तो दिवस साजरा केला. त्याच रात्री नवा शॉवर जुन्याच लयीत ठिबकू लागला. अखेर एका प्लंबरला पाचारण करावे लागले. त्याने नव्या शॉवरकडे ढुंकूनही पाहिले नाही, पडणाऱ्या थेंबाखाली तळहात धरला, दहा-वीस थेंब झेलले आणि म्हणाला, "काका, शॉवर कशाला बदललात? ते नुसतं तोंड आहे. पाणी गरम बाजूनं येतंय."

या विषयाचे तीन-चतुर्थांश ज्ञान त्या तीन वाक्यांत सामावलेले आहे. शॉवर म्हणजे भोके पाडलेले एक झाकण. पाणी अडवण्याची कसलीही तजवीज त्याच्या अंगी नसते. पाणी अडते ते खाली, भिंतीवर किंवा भिंतीच्या आत बसवलेल्या कॉकमध्ये, आणि तेथील बंदोबस्त ढिला पडला म्हणजे अडवून न धरलेले पाणी नळीतून वर चढून जेथे वाट सापडेल तेथे बाहेर पडते. म्हणून जो वाचक हातात पाना घेण्यापूर्वी अर्धा तास नुसता तपास करील, त्याचे काम सोपे होईल. जो प्रथम पाना उचलील, त्याची गत प्रस्तुत लेखकासारखी होईल.

तपासाचा पहिला प्रश्न असा की, गळती खरोखर आहे काय? स्नान आटोपून चावी बंद केल्यावरही शॉवरच्या ताटलीत आणि वरच्या वाकड्या नळीत थोडे पाणी शिल्लक राहते. ते बारीक भोकांच्या तोंडाशी पृष्ठताणामुळे अडून बसते आणि एखाद्या भोकातून हवा आत शिरली की एकाएकी धारेने किंवा थेंबाथेंबाने गळून जाते. हे शिलकी पाणी होय. त्यात कॉकची कसूर काही नाही. स्नानानंतर तासाभराने शॉवर कोरड्या फडक्याने पुसावा, खाली जमिनीवर वर्तमानपत्राचे एक पान पसरावे, दार लावून घ्यावे आणि आणखी तासाने येऊन पाहावे. पान कोरडे असेल तर या लेखाचा पुढील भाग वाचण्याचे कारण नाही.

पान भिजले असेल तर त्याच बैठकीत गळतीचे मोजमाप करून ठेवावे. सेकंदाला एक थेंब या हिशेबाने दिवसाला ८६,४०० थेंब होतात हे खरे. पण थेंबाचा आकार भोकाप्रमाणे बदलत असल्यामुळे थेंब मोजण्यापेक्षा पाणी मोजणे अधिक प्रशस्त. आमच्या घरी तासाभरात दोनशे मिलिलिटरचा एक पेला भरला. म्हणजे दिवसाला पावणेपाच लिटरांहून थोडे अधिक आणि महिन्याला सुमारे १४४ लिटर. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरण्याचा प्रघात आहे. तेव्हा कोणी एक अदृश्य पाहुणा दर महिन्याला एक दिवस आमच्याकडे मुक्कामाला येऊन, कपडे धुण्यापासून स्नानापर्यंत सर्व उरकून जात होता असे म्हणावयास हरकत नाही. दुरुस्तीनंतर हाच पेला पुन्हा उपयोगी पडतो, म्हणून आकडा कोठेतरी नमूद करून ठेवावा.

आता दुसरा प्रश्न, आणि तो अधिक महत्त्वाचा: पाणी कोणत्या बाजूचे? ज्या न्हाणीघरात वॉल मिक्सर आहे, म्हणजे डाव्या हाताला गरम पाण्याची चावी, उजव्या हाताला गार पाण्याची, आणि मध्ये पाणी तोटीकडे पाठवावे की शॉवरकडे हे ठरवणारी तिसरी चावी, तेथे गळती डावीकडची की उजवीकडची हे केवळ पाहून कळत नाही. आमच्या प्लंबरच्या तळहाताला ते कळले, कारण गिझर नुकताच चालू होता. एरवी थेंब नळीतून सावकाश येता येता निवून जातो आणि हाताला फसवतो. खात्रीची रीत अशी. गिझरच्या तोंडाशी गार पाणी आत घेणारा एक छोटा अँगल कॉक असतो. गिझरचे बटण बंद करून, मगच हा कॉक बंद करावा व तासभर वाट पाहावी. ठिबक थांबली तर दोष डावीकडे; चालूच राहिली तर उजवीकडे. दोन्हीकडे थोडथोडा असणेही असंभवनीय नाही. तथापि गरम बाजूचे रबर उष्णतेने लवकर कडक होते, म्हणून संशयित क्रमांक एक नेहमी तीच.

येथे एक पोटप्रकरण आहे आणि ते ध्यानी न आल्यामुळे कित्येक चांगले नळ विनाकारण उघडले जातात. शॉवर दिवसभर कोरडा असतो आणि गिझर लावला की मात्र ठिबकू लागतो, अशी कैफियत अनेक घरी ऐकू येते. पाणी तापले की फुगते. पंधरा लिटरच्या टाकीतील पाणी पंचवीस अंशांपासून पासष्ट अंशांपर्यंत तापवले तर ते सुमारे पाव लिटरने वाढते. या वाढीव पावशेराला मागे जाण्याची वाट गिझरच्या एकदिशा झडपेने बंद केलेली असते, आणि सुरक्षा-झडप क्षाराने जाम झाली असेल तर तीही वाट बंद. अशा वेळी दाब वाढतो आणि ज्या कॉकचा वॉशर किंचित अशक्त असेल त्यातून पाणी वाट काढते. अशा घरी नळाच्या आधी गिझरची सुरक्षा-झडप तपासून घ्यावी, आणि ते काम स्वतः न करता जाणकाराकडून करवावे. जाम झालेली सुरक्षा-झडप हा ठिबकण्याहून कितीतरी गंभीर मामला आहे.

तिसरा प्रश्न चावीच्या फेऱ्यांचा. चावी पूर्ण उघडण्यास दोन-तीन फेरे द्यावे लागत असतील, तर आत जुन्या धाटणीचा आट्यांचा स्पिंडल व रबरी वॉशर आहे. चावी पाव फेऱ्यात पूर्ण उघडत असेल, तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचे कार्ट्रिज असण्याचा संभव फार. या दोहोंची प्रकृती भिन्न असल्यामुळे उपचारही भिन्न आहेत.

आट्यांचा नळ ही वस्तू दिसते तितकी पुरातन नाही. नळाच्या पोटातील भोक पाडलेला पितळी खुंट पाव फेरा फिरवून पाणी सोडण्याची रीत त्याच्या आधीची. परंतु नळीत सदासर्वकाळ दाबाखाली पाणी खेळू लागले तेव्हा असा खुंट एकाएकी बंद केला की पाण्याचा धक्का नळ्यांना बसे आणि खुंट झिजून गळे. इंग्लंडातील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या पितळकामाच्या पेढीने १८४५ मध्ये आट्यांच्या नळाचे पेटंट घेतले, आणि विहार तलावाचे पाणी नळांनी मुंबईत येऊ लागले ते १८६० मध्ये. तात्पर्य, आपल्याकडे घरोघरी नळ येण्याच्या सुमारास हा शोध ताजा होता, आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्याच्या गाभ्यात फारसा पालट झालेला नाही. एक दांडा, त्यावर आटे, दांड्याच्या टोकाला एक पितळी टोपी, टोपीत रबराची चकती. खाली नळाच्या पोटात एक गोल भोक आणि भोकाभोवती उंचवट्याची कड, जिला कारागीर 'सीट' म्हणतात. चावी फिरवली की दांडा खाली उतरतो, चकती सीटवर टेकते, पाणी अडते.

या टेकण्याला किती जोर लागतो, हे एकदा प्रत्येकाने मनाशी मांडून पाहण्यासारखे आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोग्रॅम दाब पडतो. आमची इमारत चार मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर. म्हणजे आमच्या शॉवरच्या कॉकपासून टाकीतील पाण्याची पातळी नऊ मीटरांच्या आसपास. सीटच्या भोकाचा व्यास बारा मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरहून किंचित जास्त. अर्थात त्या वॉशरला खालून ढकलणारे पाणी सगळे मिळून सुमारे एक किलोग्रॅम वजनाने ढकलते: वाण्याकडील साखरेच्या एका पुडीइतके. जेथे प्रेशर पंप बसवला आहे तेथे ते दोन-तीन पट होईल. या एका पुडीला थोपवण्यासाठी आपण रात्री दोन वाजता दात-ओठ खाऊन जी चावी पिळतो, तिचा जोर आट्यांच्या योगाने कित्येक पटींनी वाढून त्या बिचाऱ्या रबरावर पडतो. रबर सीटच्या कडेवर चेपले जाते, त्यात वर्तुळाकार खाच पडते, खाच पडली म्हणून थेंब येतो, थेंब येतो म्हणून आपण अधिक पिळतो. नवा वॉशर हलक्या हाताने वर्षानुवर्षे टिकतो आणि मनगटबहाद्दराच्या घरी वर्षाच्या आत फिर्यादी होतो, त्याचे कारण हे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हत्यारे थोडी लागतात: एक स्क्रू ड्रायव्हर, जबडा लहानमोठा करता येणारा एक पाना, पक्कड, विजेरी, जुने फडके. वेळ सकाळची अकराची निवडावी. रविवारी संध्याकाळी हे काम काढू नये, कारण आटे गेले किंवा माप चुकले तर हार्डवेअरचे दुकान बंद असते आणि घरात पाणीही बंद. पिण्याचे व वापरण्याचे दोन-दोन हंडे भरून घ्यावे. गिझर बंद करून तीन-चार तास लोटू द्यावे. त्याच्या नळीत उरलेले पाणी स्पिंडल काढताना हातावर येते आणि ते तापलेले असेल तर शिकवलेला धडा जन्मभर लक्षात राहतो.

पाणी बंद करणे हा या कामातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग होय. गरम बाजूला गिझरचा अँगल कॉक पुरतो. गार बाजूसाठी न्हाणीघरातच स्वतंत्र व्हॉल्व्ह असेल तर भाग्य समजावे. नसल्यास गच्चीवर जावे लागते. तेथे टाकीच्या पायाशी सात-आठ गंजलेली चाके ओळीने उभी असतात, आणि त्यांपैकी कोणते कोणाच्या घरचे याची नोंद सोसायटीच्या दफ्तरी बहुधा नसते. असली तर नोंद आणि वस्तुस्थिती यांत तफावत असते. कित्येक ठिकाणी वरपासून खालपर्यंतच्या सर्व न्हाणीघरांची एकच उभी नळी असते. म्हणून चाक फिरवण्यापूर्वी त्या नळीवरील बिऱ्हाडांना इतला द्यावा. तळमजल्यावरील आजी डोक्याला शिकेकाई लावून बसल्या असताना आम्ही एकदा पाणी तोडले होते, त्या प्रसंगाचे वर्णन येथे करीत नाही. बरीच वर्षे न हललेले चाक जबरदस्तीने फिरवू नये. थोडे पुढे, थोडे मागे असे करीत त्याला राजी करावे, आणि ते मुळीच दाद देत नसेल तर माघार घेऊन प्लंबरला बोलवावे. गच्चीवर मोडलेला व्हॉल्व्ह हा संपूर्ण इमारतीचा प्रश्न होतो.

खाली येऊन सर्व चाव्या उघडाव्या व नळीतील पाणी निथळू द्यावे. धार तुटून थेंब, आणि थेंब तुटून शांतता झाली की मोरीच्या जाळीवर फडके अंथरावे. ही पायरी कोणालाही क्षुल्लक वाटेल. परंतु चावीचा स्क्रू मुगाच्या दाण्याएवढा असतो आणि तो हातातून निसटला की जगात इतकी जागा असताना नेमका जाळीच्या भोकातच जातो.

चावीच्या माथ्यावर लाल किंवा निळी टिकली असते. ती स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने अलगद उचलावी. खाली स्क्रू दिसेल. तो काढला की चावी सरळ ओढून निघावयास हवी. निघत नाही, कारण बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा क्षार फटीत बसून सिमेंटासारखा घट्ट झालेला असतो. येथे हातोडीचा विचारही करू नये. सायट्रिक आम्ल, ज्याला वाण्याकडे लिंबूफूल म्हणतात, ते कोमट पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेले फडके चावीभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे. नंतर चावी डावी-उजवी हलवीत ओढावी. चावीमागची गोल ताटली हाताने फिरवली की सुटते, आणि आता स्पिंडलचा षट्कोनी खांदा समोर येतो.

पाना लावण्यापूर्वी दोन खबरदाऱ्या. चावी दांड्यावर तात्पुरती अडकवून स्पिंडल अर्धा उघडा करावा, म्हणजे वॉशर सीटवर दाबलेला राहणार नाही व काढताना कड खरवडली जाणार नाही. दुसरी खबरदारी अधिक मोलाची: उजव्या हाताने पाना फिरवीत असताना डाव्या हाताने मिक्सरचे अंग घट्ट धरून ठेवावे, कारण स्पिंडलऐवजी सगळा मिक्सरच फिरला तर भिंतीतील जोड हलतो आणि थेंबाच्या जागी भिंतीला ओल धरते. जुन्या लोखंडी नळ्या असतील तर हा धोका खरा समजावा. एका झटक्यात न निघणारा स्पिंडल तसाच ठेवून कारागिराला बोलावण्यात कमीपणा नाही. पाना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावा, आणि चकाकी खरवडू नये म्हणून जबड्यात फडके धरावे.

आमचा स्पिंडल जेव्हा हातात आला, तेव्हा त्याच्या टोकाचा वॉशर पाहून दोन महिन्यांच्या रात्रींचा खुलासा झाला. मूळचे मऊ रबर टणक, काळेकुळकुळीत आणि शिंगासारखे झाले होते. त्याच्या तोंडावर सीटच्या कडेची गोल मुद्रा इतकी खोल उमटली होती की तीत नख अडकत होते, आणि त्या वर्तुळाच्या एका बाजूला तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडालेला होता. सारा थेंबांचा कारभार त्या कणीएवढ्या वाटेने चालला होता. बोटांना रबराचा काळा रंग लागला, तो साबणाने दोन दिवस गेला नाही.

हा जुना वॉशर खिशात घालून दुकानात न्यावा. तोंडी माप सांगू नये. 'अर्धा इंची' म्हणून मागितलेल्या वॉशरमध्येही जाडी आणि मधले भोक यांत फरक असतो, आणि दुकानदार नमुन्याशिवाय दिलेला माल परत घेत नाही. गरम बाजूसाठी वॉशर घेत आहोत हे आवर्जून सांगावे. पूर्वी गार पाण्याला चामड्याचे व गरम पाण्याला फायबरचे वॉशर वापरीत. चामडे गरम पाण्यात आकसून निकामी होते, म्हणून हा भेद. आज मिळणारे उष्णता सोसणारे रबरी वॉशर दोन्हीकडे चालतात, परंतु स्वस्तातले साधे रबर गरम बाजूला घालणे म्हणजे सहा महिन्यांनी हाच लेख पुन्हा वाचणे. दांड्याचे आटे झिजले असतील, चावी फिरवताना दांडा डुगडुगत असेल, तर अख्खा स्पिंडलच बदलावा. तोही नमुना दाखवूनच, कारण चावी बसते त्या टोकावरील दात मोजून जुळले पाहिजेत, नाहीतर जुनी चावी नव्या स्पिंडलवर बसत नाही. अख्खा नळच घेण्याची पाळी आली तर जुन्या धाटणीच्या पितळी आट्यांच्या नळासाठी भारतीय मानकाचा क्रमांक ७८१ आहे, तो व आय. एस. आय. ची मुद्रा पाहून घ्यावी.

नवा वॉशर बसवण्याची घाई करण्यापूर्वी विजेरी पेटवून नळाच्या पोटात डोकवावे. वॉशर बदलूनही ठिबक थांबत नाही, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी बहुधा ही पायरी वगळलेली असते. सीटची कड करंगळीच्या टोकाने चाचपावी. ती गुळगुळीत व अखंड हवी. तेथे रेतीचा कण रुतला असेल तर पुसून काढावा; चरा पडला असेल, पाण्याने पितळ खाल्ले असेल, तर नवे रबरही त्या फटीला बुजवू शकणार नाही. प्लंबरजवळ सीट तासण्याचे एक फिरते हत्यार असते, त्याने पाच मिनिटांत कड समतल होते. घरी कानशीने हा प्रयोग करू नये. कड ठीक असेल तर बादली खाली धरून कोणालातरी गिझरचा कॉक क्षणभर उघडावयास सांगावे, म्हणजे नळीत सुटलेला गाळ व क्षाराचे तुकडे बाहेर पडतील. नंतर वॉशर टोपीत बसवून त्यावरचा बारीक नट घट्ट करावा, दांड्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीजचे बोट लावावे आणि स्पिंडल हाताने फिरवीत बसवावा. आटे तिरके धरले तर पहिल्याच फेऱ्यात हाताला अडल्यासारखे लागते. तेव्हा पाना न लावता मागे घेऊन पुन्हा बसवावा. ग्रीजच्या जागी खोबरेल लावण्याची काही घरी वहिवाट आहे. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठते, आणि पुण्याच्या डिसेंबरात ती चावी सकाळी सहा वाजता कशी फिरते हे ज्यांनी लावले त्यांना विचारावे. व्हॅसलिनही नको, खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते.

पाणी शॉवरमधून न गळता चावीच्या बुडाशी झिरपत असेल, तर वॉशरचा संबंध नाही. दांडा जेथून बाहेर येतो तेथील बंदोबस्त ढिला झालेला असतो. जुन्या नळात तेथे मेण किंवा चरबी चोळलेला सुती धागा वेढलेला असतो. हा धागा दाबून धरणारा ग्लँडचा नट पाव फेरा आवळला तरी बहुधा भागते, न भागल्यास नवा धागा वेढावा. अलीकडच्या स्पिंडलला तेथे ओ-रिंग असते, ती बदलावी. टेफ्लॉनच्या फितीविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे तोही येथेच दूर व्हावा: ही फीत दोन नळ्यांच्या आट्यांच्या जोडातून येणारे पाणी थांबवते, बंद कॉकमधून येणारे नव्हे. शॉवरच्या दांडीच्या जोडाशी ओल असेल तर ती उपयोगी; आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे ताणून द्यावे, उलटे वेढले तर बसवताना फीत गोळा होऊन निघते.

सिरॅमिक कार्ट्रिजविषयी थोडक्यात. त्यात आरशासारख्या घासलेल्या दोन कठीण चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांची भोके जुळली की पाणी येते. येथे पिळण्याचा उपयोग शून्य. पाव फेऱ्यापुढे चावी फिरतच नाही, फिरवली तर मोडते. ठिबकण्याचे कारण बहुतेक वेळा बुडाचे रबरी कडे किंवा चकत्यांत अडकलेली रेती. कार्ट्रिज काढून, कडे पुसून, खळखळून धुऊन बसवल्यास कधीकधी गुण येतो. चकतीवर चरा पडला असेल तर नवे घ्यावे, तेही जुने हातात घेऊन. ही रेती कोठून येते, याचे उत्तर वर्षातून दोनदा मिळते: गच्चीवरील टाकी धुतली त्या दिवशी. टाकी धुतल्यानंतर प्रथम बादलीचा साधा नळ पूर्ण सोडावा, पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे, आणि मगच शॉवरला हात लावावा. आमच्या इमारतीत एका बिऱ्हाडाची तीन कार्ट्रिजे लागोपाठ गेली, ती टाकी धुण्याच्या दुसऱ्याच आठवड्यात.

ज्यांच्या शॉवरमधून आणि खालच्या तोटीतून एकाच वेळी पाणी पडते त्यांचा दोष मधल्या डायव्हर्टरमध्ये आहे. त्याचीही चिकित्सा वरच्यासारखीच, पण सुटे भाग कंपनीगणिक निराळे असल्याने ते काम कारागिराच्या हवाली करणे बरे. भिंतीच्या पाठीमागे किंवा खालच्या मजल्यावरील छताला डाग उमटला असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी प्लंबर गाठावा.

सर्व बसवून झाल्यावर आधी आपली चावी बंद करावी, मग गिझरचा अँगल कॉक आणि गच्चीवरचे चाक हळूहळू उघडावे. एकदम उघडले तर नळ्यांत कोंडलेली हवा धडधडते आणि शेजारी दाराशी येतात. शॉवर मिनिटभर सोडावा, गिझर पाण्याने भरून शॉवरमधून अखंड धार आल्याखेरीज त्याचे बटण लावू नये. त्यानंतर चावी दोन बोटांनी बंद करावी. केवळ अंगठा व तर्जनी. तळहाताचा उपयोग वर्ज्य. धार थांबताच हात काढून घ्यावा, आणि शॉवर पुसून, वर्तमानपत्र अंथरून, पेला ठेवून दार लावावे.

आमच्याकडे तासाभराने पाहिले तेव्हा पेल्यात चार थेंब होते. हे शिलकी पाणी हे ठाऊक असूनही धीर सुटला आणि चावी आणखी पिळण्यासाठी हात पुढे गेला, सौ.ने दारातून पाहिले म्हणून तो वाटेत तहकूब झाला. सकाळी पेला चार थेंबांचाच होता. दोन बोटांचा नियम घरातील सर्वांना तोंडी कळवला असून नातवंडे तो पाळतात, आणि मध्यरात्री झोपेत उठून चावी एकदा चाचपून येण्याची सवय फक्त एकाच माणसाची उरली आहे. दुकानातून वॉशर दोन आणले होते; दुसरा काडेपेटीच्या रिकाम्या डबीत घालून, वर 'गरम बाजू' व तारीख लिहून, गिझरच्या बटणाशेजारच्या फळीवर ठेवला आहे.